बॉल सोडून बघ

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा सहज बोलून गेले, "आता मॅच लावत नाही गं. बॉलच दिसत नाही." आई, तू लगेच विषय बदललास. फोन ठेवला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी आई, तूच वाचून दाखव.

फुटबॉल विश्वचषकाच्या मी इतक्या फायनल पाहिल्या आणि परत आल्यावर तुम्हाला सांगितलं काय, तर स्कोअर. तो तर तुम्हाला आधीच ठाऊक असायचा. खरं सांगायचं ते राहूनच गेलं.

बाबा, 1986 ची रात्र तुम्हाला आठवते ना? मी नऊ वर्षांची. तुम्ही मला झोपेतून उठवलंत आणि पांघरुणासकट टीव्हीसमोर आणून बसवलंत. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती, मग पश्चिम जर्मनीने दोन्ही फेडले. माझी नजर फक्त मॅराडोनावर. तुम्ही म्हणालात, "बॉल सोडून बघ. बॉल सगळेच बघतात." मला काहीच कळलं नाही. शेवटची सहा-सात मिनिटं उरली होती. मॅराडोनाभोवती जर्मन खेळाडूंचा गराडा पडला आणि त्याने बॉल थांबवलाही नाही, एका स्पर्शात पुढे सरकवला. तिकडून बुरुचागा केव्हाचा धावत सुटलेला. 3-2. तुम्ही उभे राहून म्हणालात, "तो आधीच निघाला होता!" आणि दारात उभी असलेली आई म्हणाली, "त्या दुसऱ्या पोरांना किती वाईट वाटत असेल."

ही दोन वाक्यं घेऊनच मी प्रत्येक स्टेडियममध्ये गेले आहे.

पहिली फायनल प्रत्यक्ष पाहिली ती 2010 ची, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स, जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी स्टेडियममध्ये. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा. बोटं गारठलेली, आणि व्हुव्हुझेला नावाच्या लांब भोंग्यांचा तो अखंड घूंऽऽ आवाज. शेजारच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे. खेळ तसा खडबडीतच झाला, पिवळी कार्डं चौदा! स्पेनचा गोलकीपर कासियासने नेदरलँड्सच्या रॉबेनचा गोल पायाने वाचवला, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला नारिंगी टोपीवाला माणूस दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला, तो बराच वेळ उठला नाही. आई, मला तूच आठवलीस. मग 116 व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताचा गोल. त्याने अंगातला शर्ट काढून भिरकावला. आतल्या बनियनवर हाताने काहीतरी लिहिलेलं होतं, इतक्या लांबून वाचता आलं नाही. रात्री कळलं. दानी हार्के नावाचा त्याचा मित्र आदल्या वर्षी अचानक वारला होता, आणि तो कायम आमच्याबरोबर आहे असं त्यावर लिहिलं होतं. हार्के एस्पान्योलचा कप्तान, इनिएस्ता बार्सिलोनाचा खेळाडू. एकाच शहरातले दोन प्रतिस्पर्धी क्लब! जगज्जेतेपदाचा गोल करायला निघालेला माणूस कपडे घालताना दुसऱ्या क्लबच्या, गेलेल्या मित्राचा विचार करतो. मला त्या गोलापेक्षा ती बनियन जास्त आठवते.

2014 ला फायनलचं तिकीट सोडतीत लागलंच नाही. ते जाऊ दे.

2022 ची कतारमधल्या लुसैलची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, मात्र बाबा, तुमचीच होती. माझी जागा अगदी वरच्या मजल्यावर. लोक हळहळतात अशी जागा मिळाली की, पण तिथून सगळं मैदान एका नजरेत येतं, आणि बॉल नसलेली माणसं टीव्हीवर कधी दिसत नाहीत तशी दिसतात. एरवी उजवीकडून खेळणारा डी मारिया त्या दिवशी डावीकडे होता. छत्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या निम्म्या मैदानातून चाल सुरू झाली. मेस्सीने नुसता पाय लावून बॉल अल्वारेझकडे वळवला, तिथून तो पुढे मॅक अ‍ॅलिस्टरकडे गेला. सगळं स्टेडियम बॉलबरोबर मान फिरवत होतं. मी डाव्या कडेला बघत होते. डी मारिया एकटा धावत होता, त्याच्या जवळपास कोणी नाही. बॉल त्याच्याकडे पोहोचायच्या आधीच मी उभी राहिले, मोठ्याने म्हणाले, "तो आधीच निघालाय!" मराठीत. आजूबाजूच्या कुणाला अक्षर कळलं नाही. दोन सेकंदांनी सगळे उभे राहिले. गोल केल्यावर तो रडला, मीही रडले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फ्रान्सच्या एम्बापेने लागोपाठ दोन गोल काय केले, मेस्सीने पुन्हा आघाडी काय मिळवून दिली, एम्बापेने तिसरा करून 3-3 काय केले! अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी समोर एकटा आला तेव्हा अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने डावा पाय पसरला. तो अडला नसता तर पेनल्टी शूटआउट झालंच नसतं. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, अर्जेंटिनाचा शर्ट घातलेले. शूटआउटभर ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. प्रत्येक पेनल्टीनंतर माझ्या चेहऱ्याकडे बघायचे आणि त्यावरून ओळखायचे. आमची भाषा एक नव्हती. शेवटच्या पेनल्टीनंतर मला काही सांगावं लागलं नाही.

आणि आई, मी एम्बापेला शोधत राहिले. विश्वचषकाच्या फायनलमध्ये तीन गोल करून हरलेला मुलगा. सर्वाधिक गोलांचं बक्षीस घ्यायला तो आला, आणि करंडकाच्या बाजूने तसाच निघून गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, त्याला कुणीतरी पाणी द्या.

आता सिडनीबद्दल. हे लिहायला जड जातंय.

20 ऑगस्ट 2023, बायकांच्या विश्वचषकाची फायनल, स्पेन विरुद्ध इंग्लंड. पंचाहत्तर हजारांवर लोक! बायकांचा खेळ बघायला एवढी गर्दी, हे बघूनच मला भरून आलं होतं. एकोणतिसाव्या मिनिटाला इंग्लंडची लूसी ब्राँझ बॉल घेऊन मध्ये घुसली आणि तिथे तो गमावून बसली. तिने मागे सोडलेली जागा रिकामी. स्पेनची ओल्गा कार्मोना त्या रिकाम्या जागेकडे धावली, डाव्या पायाने जमिनीलगत मारला. 1-0, तोच शेवटचा. मी टाळ्या वाजवून हात लाल केले.

रात्री खोलीवर बातमी वाचली. कार्मोनाचे वडील दोन दिवसांपूर्वीच वारले होते. घरच्यांनी मॅच संपेपर्यंत तिला कळू दिलं नव्हतं. तिचा गोल आम्ही हजारोंनी साजरा केला तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं. मी तशीच उठले आणि तुम्हाला फोन लावला. आई, तू म्हणालीस, "सगळं ठीक आहे, बाबा झोपलेत."

बाबा झोपले नव्हते. दवाखान्यात होते. डोळ्याच्या पडद्याला रक्तस्राव झाला होता, आणि मला ते परत आल्यावर आठ दिवसांनी कळलं. तेव्हा मी तुला नको नको ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, "तू इतकी वर्षं वाट बघून गेली होतीस." त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. कार्मोनाच्या घरच्यांनी जे केलं तेच तू केलंस, आणि दोन्ही प्रेमापोटीच, हे मला कळतं. तरीही आई, पुन्हा असं करू नकोस. कुठलीही फायनल असू दे, नव्वदाव्या मिनिटाला फोन आला तरी मी उठून निघेन. मला निघू दे.

2026 च्या फायनलसाठी मी अर्ज केलेला नाही. 19 जुलैला मी तुमच्याकडे असणार आहे. बाबा, लगेच रागावू नका, "माझ्यासाठी कशाला" म्हणू नका. डॉक्टर म्हणाले ना, मधलं धूसर झालंय, पण कडेचं अजून दिसतं? तुम्ही तर आयुष्यभर कडेचंच बघत आलात. टीव्ही मोठा घेऊ, खुर्ची जवळ ओढू. आई या वेळी दारात उभी राहणार नाही, आपल्या दोघांच्या मध्ये बसेल आणि हरणाऱ्यांची काळजी करेल.

बॉल कुठे आहे ते मी सांगत जाईन. कोण आधीच निघालाय ते तुम्ही सांगा.

तुमची,
ताई