विद्यार्थ्यांच्या व्यवसाय स्पर्धेत ऑर्डरचाही हिशेब व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किरकोळ विक्री क्षेत्रातील करिअर आणि पुरवठा साखळीचे नियोजन या विषयांवर विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय स्पर्धेचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. मालाच्या साठ्याचे नियोजन हेच माझे रोजचे काम असल्याने, आणि अशा एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याची संधीही मिळाली असल्याने, या उपक्रमाचे स्वागत करतानाच त्यातील गुणांकनाच्या पद्धतीविषयी थोडे लिहावेसे वाटते.

दुकानातली नोकरी म्हणजे गल्ल्यावर बसणे किंवा गिऱ्हाइकाला माल दाखवणे, असाच बहुतेक विद्यार्थ्यांचा, आणि त्यांच्या पालकांचाही, समज असतो. कोणता माल घ्यायचा हे ठरवणारा बायर, उठाव किती होईल याचा अंदाज बांधणारा नियोजक, गोदामातून कोणती गाडी कधी सुटेल हे पाहणारा वाहतूक विभाग ही सगळी माणसे गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाहीत, त्यामुळे ती कामे करिअर म्हणून कुणी सुचवतही नाही. स्पर्धेमुळे ती कामे निदान मुलांच्या कानावर पडतात.

माझा आक्षेप आहे तो विजेता निवडण्याच्या रीतीला. संघांना एक केस, म्हणजे एखाद्या व्यवसायापुढची अडचण सोडवायला दिली जाते, तयारीसाठी काही दिवस मिळतात, मग परीक्षकांपुढे सादरीकरण आणि प्रश्नोत्तरे होतात. ज्यांच्या स्लाइड देखण्या आणि बोलणे सफाईदार, त्यांची सरशी होते. 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने मागणीचा अचूक अंदाज' हे तर आता जवळपास प्रत्येक सादरीकरणातले ठरलेले वाक्य झाले आहे. अंदाज चुकला, आणि तो कमीअधिक चुकतोच, तर अंगावर पडलेल्या मालाचे काय करणार, किती भांडवल त्यात अडकेल, असे विचारले की संघातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. यात मुलांना दोष देता येत नाही, कारण आपल्या निर्णयाचे पुढे काय होते हे पाहण्याची वेळच स्पर्धेने त्यांच्यावर आणलेली नसते.

वास्तविक ही सोय फार पूर्वीच झालेली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६०च्या सुमारास 'बीअर गेम' नावाचा एक खेळ तयार झाला, तो आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत खेळला जातो. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात. प्रत्येकाने दर आठवड्याला साखळीत आपल्या मागे असलेल्या, माल पुरवणाऱ्याकडे बीअरच्या पेट्यांची ऑर्डर नोंदवायची, आपसात बोलायचे नाही, आणि नोंदवलेला माल काही आठवड्यांनीच हाती येणार. पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च धरला जातो, वेळेवर पुरवता न आलेल्या पेटीमागे एक डॉलर. एमआयटीतीलच प्राध्यापक जॉन स्टर्मन यांनी या खेळाचा अभ्यास १९८९मध्ये प्रसिद्ध केला. त्यात गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला चार पेट्यांवरून एकदाच आठवर जाते आणि तिथेच स्थिर राहते, तरीही साखळीत मागे जावे तसतशा ऑर्डरी भडकत जातात, मग माल एकदम येऊन थडकतो आणि ऑर्डरी शून्यावर येतात. संघांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख काढायला सांगितला, की खेळाडू मोठमोठ्या चढउतारांचा आलेख काढतात आणि सगळे खापर गिऱ्हाइकावर फोडतात!

याच भडक्याला पुढे 'बुलव्हिप इफेक्ट' हे नाव रूढ झाले. पुरवठा साखळीचे अभ्यासक हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये त्याची कारणे मांडली. प्रत्येक टप्प्यावर नव्याने बांधलेला अंदाज, ऑर्डरी साठवून एकगठ्ठा देण्याची सवय, सवलतीच्या काळात भरून ठेवलेला माल आणि टंचाईच्या भीतीने फुगवून नोंदवलेली मागणी, ही ती कारणे. ती पाठ करून सांगणे सोपे आहे. समोर माल संपलेला असताना आधी दिलेली ऑर्डर वाटेत आहे हे लक्षात ठेवून हात आवरणे मात्र अवघड जाते, आणि नियोजकाचा पगार त्यासाठीच असतो.

आणखी एका गोष्टीकडे या स्पर्धांचे लक्ष जात नाही. साखळी म्हटले की जहाजे, बंदरे आणि कंटेनर डोळ्यांपुढे येतात, पण माल बऱ्याचदा अडतो तो शेवटच्या काही पावलांवर. संगणक एखाद्या वस्तूचे सहा नग शिल्लक दाखवतो. प्रत्यक्षात दोन फुटलेले म्हणून बाजूला काढलेले, एक चुकून भलत्याच फळीवर गेलेला, उरलेले कधी गहाळ झाले कुणालाच ठाऊक नाही. फळी रिकामी असल्याने विक्री होत नाही, विक्री होत नसल्याने नोंद सहावरच थांबते, आणि नोंद शून्यावर येत नसल्याने नवी ऑर्डर सुटत नाही. कुणीतरी फळीपुढे उभे राहून मोजणी करीपर्यंत हे चक्र चालूच राहते. डेहोरेशियस आणि रामन या संशोधकांनी एका विक्रेत्याच्या ३७ दुकानांतील सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नव्हत्या. अशा नोंदींवर उभारलेला अंदाज कितीही आधुनिक तंत्राने काढला, तरी तो चुकीच्या आकड्यांवरच उभा असतो.

म्हणून आयोजकांना सुचवावेसे वाटते, की सादरीकरण जरूर ठेवावे, कारण आपले म्हणणे वरिष्ठांच्या गळी उतरवणे हाही कामाचाच भाग आहे, परंतु निम्मे गुण तरी फेऱ्यांच्या खेळाला द्यावेत. संघांनी दर फेरीला ऑर्डर लिहून द्यावी, मधल्या एका फेरीत पुरवठादाराची खेप उशिरा यावी, एका फेरीत साठ्याची नोंद खोटी ठरावी, आणि शेवटी शिल्लक माल, हुकलेली विक्री व झालेला खर्च यांचा मेळ घालून गुण द्यावेत. यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही, 'बीअर गेम' कागद-पेन्सिल आणि सोंगट्यांवरही खेळता येतो. अंतिम फेरीपूर्वी प्रत्येक संघाने एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत, मालकाच्या परवानगीने, साठ्याची मोजणी करून ती नोंदवहीशी ताडून पाहावी, एवढी अट घातली तर फारच उत्तम. या क्षेत्रात आपल्याला रमता येईल की नाही, याचा अंदाज मुलांना त्या एका मोजणीतून बऱ्यापैकी येईल.

आपल्या दैनिकाकडूनही एक अपेक्षा आहे. निकालाच्या बातमीत करंडक हाती घेतलेल्या संघाचे छायाचित्र असतेच. त्यासोबत त्या संघाने कोणत्या फेरीत किती माल मागवला, आणि अखेरीस किती पडून राहिला, हा तक्ताही छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
साठा-नियोजनाच्या कामातील एक वाचक