मायनर एक नव्हे, तीन

संपादक महोदय,

मुलांच्या पुरवणीत कीबोर्डवर आलेला लेख वाचला. मेजर आणि मायनर या पाश्चात्त्य संगीतातल्या स्वरमालिका. ‘मेजर आनंदी, मायनर दुःखी’ एवढ्या एका ओळीत त्यांचा विषय मिटवलेला पाहून वाईट वाटलं. मिरजेत गेली ३१ वर्षं मी पेटी शिकवते. ही एक ओळ पाठ करून येणारी मुलं पुढे कुठे अडतात, ते मला रोज दिसतं.

मागच्या महिन्यात नववीतली एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेसाठी ती ‘ए मायनर’ बसवत होती. पांढरी सहापासून, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीपासून, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या, तेवढं जमलं. पुस्तकात पुढे त्याच नावाखाली काळी चार आली, त्याच्याही पुढे काळी तीन. “बाई, ह्यातला खरा मायनर कुठला?”

तिन्ही खरे. पांढरी सहाला सा धरून मी तिला वाजवून दाखवलं. नुसत्या पांढऱ्यांत ग, ध, नी कोमल, म्हणजे शुद्ध स्वरापेक्षा अर्धा स्वर खाली, लागतात. हा आपला आसावरी थाट; थाट म्हणजे राग ज्यांत बसवतात तो सात स्वरांचा संच. हा नॅचरल मायनर. पण कोमल नी वरच्या साकडे ओढत नाही. पाश्चात्त्य संगीतात प-नी-रे एकदम वाजवून सावर यायचं असतं आणि ती ओढ शुद्ध नीशिवाय येत नाही. म्हणून नी काळी चारवर चढवला, तो हार्मोनिक मायनर. किरवाणी राग ऐकलेल्या कानाला हे स्वर ओळखीचेच आहेत. आता कोमल ध आणि शुद्ध नी यांत तीन अर्धस्वरांचं अंतर पडलं, गळ्याला ती उडी अवघड. मग चढताना धही शुद्ध केला, ती काळी तीन. उतरताना दोन्ही परत कोमल. हा मेलोडिक मायनर. जाताना एक, येताना दुसरं, हे तिला पटेना. मी देस राग वाजवला: आरोहात, म्हणजे चढताना, शुद्ध नी; अवरोहात, म्हणजे उतरताना, कोमल. तिचा चेहरा उजळला.

जॅझवाले मेलोडिक मायनर उतरतानाही तसाच ठेवतात. ते सात स्वर आपल्याकडे पटदीप रागाच्या अवरोहात सापडतात, कारण आरोहात आपण रे आणि ध सोडतो. स्वर जुळले म्हणून राग जुळला असं होत नाही, हेही मुलांना तिथेच सांगावं. मेजरचेही असेच प्रकार आहेत. साधा मेजर म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेला आपला बिलावल थाट; त्यातला फक्त ध कोमल केला की हार्मोनिक मेजर, म्हणजे नटभैरव रागाचे स्वर. हिंदुस्तानी संगीतात भातखंड्यांनी मांडलेल्या १० थाटांत किरवाणी किंवा नटभैरव नीट बसत नाहीत. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळांत, म्हणजे तिथल्या थाटांत, मात्र किरवाणी २१वा मेळ आहे.

राहिला दुःखाचा प्रश्न. मायनर ठरतो कोमल गंधारावर. काफी रागाचा गंधार कोमलच असतो, आणि होरी, म्हणजे होळीचं गाणं, रंगते ती काफीतच.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या अंकात तिन्ही मायनर सरगममध्ये छापा. कोमल स्वराखालची आडवी रेघ तेवढी सांभाळा. ती सुटली की आसावरीचा बिलावल होतो.

— एक संवादिनी-शिक्षिका, मिरज