चंचल मुलाला डोकं दुखतं का, हे पण विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात मुलांच्या चंचलपणावर लेख आला होता. त्यात सगळं खापर मोबाईलवर फोडून लेखक मोकळे झाले. मोबाईलची बाजू मला घ्यायची नाहीये, आमच्या घरी पण जेवताना तो लागतोच, पण माझं मेडिकल आहे, दापोली तालुक्यात हर्णैच्या वाटेवर, आणि काउंटरच्या या बाजूने मला जे दिसतं ते त्या लेखात कुठेच नव्हतं, म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर खुशाल कापा.

एकाच घरातून दोन तक्रारी येतात बघा. पोरगा वर्गात बूड टेकत नाही, पाण्याची बाटली नाहीतर कंपासपेटी रोज हरवून येतो, सांगितलेलं अर्धंच ऐकतो, बाईंनी भेटायला बोलावलंय, तर दादा एखादं बुद्धीचं टॉनिक द्या. आणि तेच घर त्याच पोरासाठी अधूनमधून डोकेदुखीची गोळी पण नेतं. या दोन गोष्टी एकत्र धरायच्या असतात हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. चंचलपणा मास्तरांकडे, डोकेदुखी माझ्याकडे नाहीतर चष्मेवाल्याकडे, तिथे नंबर निघतो, चष्मा लागतो आणि डोकं दुखायचं ते दुखतंच. मग आजी दृष्ट काढते, अर्धशिशी आहे म्हणून सूर्य उगवायच्या आत जिलबी खायला घालतात. जिलबीबद्दल मुलांची तक्रार नसते, डोक्याबद्दल राहते.

माझ्या बहिणीचा मुलगा मुंबईकडे असतो, त्याचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या मेंदूच्या वाढीशी निगडित त्रासाचं, निदान झालेलं आहे. शाळेत डोकं दुखतं म्हणाला की उत्तर ठरलेलं, पेपर आला की याचं दुखतं. मे महिन्यात तो आमच्याकडे आला होता. एकदा सकाळपासून मामेभावांबरोबर कलमांत, आंबे उतरवायला, ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, नाष्टा न करता गेलेला, पाणी पण प्यायचं लक्षात नाही, आणि दुपारी दुकानात आला तो पांढराफटक. सलाईनच्या खोक्यावर बसला आणि म्हणाला मामा ट्यूबलाईट बंद कर. मग म्हणाला अगरबत्ती पण विझव, वास नको. कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरलेलं, मागे मोरीत जाऊन उलटी केली. घरी नेऊन खिडक्या लावून झोपवला, तर तीनेक तासांनी उठून विचारतो घावणे आहेत का. आमची आई म्हणाली, आता सुट्टीत हा कुठली शाळा बुडवायला नाटक करतोय?

त्याच्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितल्यावर त्यांनी मायग्रेनच, म्हणजे आपली अर्धशिशी, सांगितलं. मोठ्या माणसाला औषध न घेता हा झटका ४ ते ७२ तास चालतो, लहान मुलांत दोनेक तासांत पण आटपतो, आणि मुलांना बऱ्याचदा एका बाजूला नाही तर पूर्ण कपाळभर दुखतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं ही काय अर्धशिशी नव्हे, उन्हाने झालं असेल. डॉक्टरांनी अजून एक विचारलं, घरात कोणाला आहे का. आहे ना, बहिणीला आहे, आईला आयुष्यभर होती. पण एडीएचडीच्या इतक्या वाऱ्या झाल्या त्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला.

हा योगायोग आहे का? मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला माणूस आहे, पण जे वाचलं ते सांगतो. नॉर्वेत २०११ च्या सुमारास एडीएचडी असलेल्या प्रौढांचा अभ्यास झाला, त्यात साधारण २८ टक्के लोकांनी मायग्रेन असल्याचं सांगितलं, तुलनेला घेतलेल्या इतर लोकांत हे प्रमाण १९ टक्के होतं. पुढे डेन्मार्कमध्ये २६ हजारांवर रक्तदात्यांची माहिती तपासली, म्हणजे त्यातल्या त्यात धडधाकट माणसं, तिथे पण मायग्रेन आणि एडीएचडी एकत्र सापडायचं प्रमाण चांगलंच जास्त निघालं. याचा अर्थ एकामुळे दुसरं होतं असा नाही हं. एडीएचडीच्या बहुतेकांना मायग्रेन नसतं आणि मायग्रेनवाल्या बहुतेकांना एडीएचडी नसतो. कारण अजून पक्कं नाही, मेंदूतली डोपामिन, नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं दोन्हीकडे येतात, दोन्ही आजार घराण्यात चालतात, आणि झोप तर दोन्हीकडे बिघडलेली असते.

मला स्वतःला झोप आणि जेवण हेच सगळ्यात पटतं, कारण ते दुकानातून दिसतं. एडीएचडीच्या मुलाला भूक लागलेली कळत नाही, खेळात असला तर पाणी आठवत नाही, रात्री लवकर झोप लागत नाही, आणि मायग्रेन नेमकं यालाच टपलेलं असतं. त्यात आपलं कोकण. शिमग्यात पालखीबरोबर रात्रभर जागायचं, गणपतीत भजनं पहाटेपर्यंत, हरतालिकेला बायका पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि त्या दिवसांत डोकेदुखीच्या गोळ्या माझ्याकडे धो धो खपतात. सण करू नका असं मी कुठे म्हणतोय, पोराला वेळेवर दोन घास आणि पाणी द्या एवढंच.

औषधांचा पण घोळ आहे तो लिहितो, कारण हा माझा विषय. एडीएचडीला मिथाइलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन देतात, दोन्हीने काही मुलांना डोकं दुखू शकतं, दोन्हीने भूक कमी होते, मग दुपारचा डबा तसाच परत येतो आणि उपाशी पोटी डोकं अजून धरतं. उलट मायग्रेन येऊ नये म्हणून जे टोपिरामेट देतात त्याने काहींना शब्द पटकन आठवत नाही, लक्ष लागत नाही, म्हणजे शाळेची तक्रार दुप्पट. म्हणून डोकेदुखी गोळी चालू करायच्या आधीपासूनची की नंतरची, हे डॉक्टरांना कळलं पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारा, बाजूला झोप किती, जेवला का, एवढं लिहा, तेच पान डॉक्टरांकडे न्या. आणि मनाने गोळी बंद करू नका. मिथाइलफेनिडेट कडक नोंदीचं औषध आहे, आमच्यासारख्या छोट्या दुकानात मिळत नाही, त्यासाठी घरच्यांना चिपळूण नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते हा वेगळाच वनवास.

आता पोटापाण्याच्या विरुद्ध बोलतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ दिवस आणि मिश्र गोळ्या (एकीतच दोन-तीन औषधं असलेल्या) १० दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आईच्या पर्समधली अर्धी गोळी मोडून पोराला द्यायची पद्धत तर आधी बंद करा, मोठ्यांच्या काही गोळ्यांत अॅस्पिरिन असतं आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलांना द्यायचं नसतं.

मुलींचं तर कोणी बोलतच नाही. त्यांच्यातला एडीएचडी दंगा करत नाही, पोरगी खिडकीबाहेर बघत तंद्रीत असते, बाई म्हणतात शांत आहे हो. वयात आल्यावर मायग्रेन मुलींमध्येच जास्त दिसतं, आणि तेव्हा घरात ऐकायला मिळतं, पाळीचं असेल, सहन कर. म्हणजे दोन्हीकडून नापास.

माझी मागणी छोटी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक शाळेत येऊन मुलं तपासतं. त्यांच्या ३० आजारांच्या मूळ यादीत एडीएचडी आहे, पण डोकेदुखी नाही. ज्या मुलाच्या नावापुढे चंचलपणाची खूण पडते त्याला आणि त्याच्या आईला दोन-तीन प्रश्न जादा विचारायला काय जातं? महिन्यातून किती वेळा डोकं दुखतं, तेव्हा उजेड, आवाज नकोसा होतो का, उलटी होते का. आणि सारखं डोकं दुखणाऱ्या मुलाच्या बाबतीत वर्गशिक्षकांना विचारा की हा एरवी वर्गात कसा असतो. याला ना मशीन लागतं ना निधी. डोकेदुखी अचानक भयंकर उठली, ताप आणि मान ताठ झाली, नीट दिसेनासं झालं, रोज पहाटे उलटीसकट दुखायला लागलं, तर मात्र मायग्रेन समजून घरी बसू नका, सरळ दवाखाना.

लोक मानसोपचाराचं नाव काढलं की घाबरतात, कारण इथे जरा काही झालं की रत्नागिरीला, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, पाठवा अशी चेष्टा होते. त्यांच्यासाठी सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, घरात बसून फोन लावता येतो, चेहरा दाखवावा लागत नाही, पैसे पडत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलवर लेख छापाल तेव्हा त्याच पानावर एखाद्या बालरोग नाहीतर मेंदूविकार तज्ज्ञाकडून या विषयावर पण लिहून घ्या. छापलंत की कात्रण काउंटरच्या काचेवर लावतो, टॉनिक मागायला येणाऱ्यांना आधी ते वाचायला लावीन.

आपला,
एक औषध विक्रेता, ता. दापोली
(नाव छापू नये, गिऱ्हाईकं रोजची आहेत)