केजच्या अलीकडे लिंबाखाली बसणाऱ्या मिस्त्रीमामांना

मामा, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही गाडी दुरुस्त करून दिलीत आणि मी तुमचे आभारसुद्धा धड मानले नाहीत. बीडला साखरपुडा साडेपाचचा आणि तुमच्याकडून निघतानाच चार वाजलेले. म्हणून आता लिहितेय. तुमचं पोरगं मोबाइलवर वाचून दाखवेलच. बाकीच्यांनीही वाचावं, म्हणून पत्र उघडंच ठेवलंय.

गाडीतला तो आवाज लातुरात दोन महिने माझ्यासोबत होता. आमच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे तिथं गेलं की गोल फिरणं आलंच. वळसा सुरू झाला की कट्‌-कट्‌-कट्‌, सरळ रस्त्याला लागलं की गप्प. एका गॅरेजात दाखवली. त्यांनी गाडी न चालवताच "स्टिअरिंग रॅक गेला, २२ हजार" असं सांगितलं (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा), आणि तेही मला नाही, आमच्या ह्यांना फोन लावून. गाडी रोज मी चालवते. रागाने परत आणली आणि गाण्यांचा आवाज वाढवला. हा काही इलाज नव्हे, पण दोन महिने तोच केला.

तुमच्याकडे थांबले ती आई म्हणाली म्हणून. "अगं, चाकात कुणीतरी सुपारी कातरतंय." तिचं निदान रॅकवाल्यापेक्षा जवळचं निघालं.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. आधी गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलंत. आवाज नाही. "म्हंजे शॉकअपच्या वरचं माउंटिंग नाही. ते खराब असतं तर उभ्या गाडीतबी वाजलं असतं." मग शेजारच्या जिनिंगच्या भिंतीकडे बोट दाखवलंत आणि स्वतः डावीकडच्या सीटवर येऊन बसलात. मी किल्ली पुढे केली, तर म्हणालात, "तुम्हीच चालवा ताई. आवाज तुमच्या कानात बसला पाहिजे." काच खाली, भिंतीला लागून हळूहळू. भिंतीवरून आवाज परत येतो आणि दुप्पट ऐकू येतो, हे मला ठाऊकच नव्हतं. सरळ जाताना काही नाही. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे ओढून गोल, थोडा रेस देऊन. कट्‌-कट्‌-कट्‌! उजवीकडे गोल फिरवली तर जवळजवळ शांत. "डावीकडं वळलं की भार उजव्या चाकावर येतो. तिकडचाच जॉइंट बोलायलाय." जॉइंट म्हणजे इंजिनाची फिरकी चाकाला देणाऱ्या दांड्याचा, एक्सलचा, सांधा. चाकाचं बेअरिंग असतं तर वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर आली असती आणि आतला, इंजिनाकडचा जॉइंट असता तर रेस देताना धक्का किंवा थरथर जाणवली असती, हेही तुम्ही गाडीतून उतरता उतरता सांगितलंत.

मग खाली वाकून टॉर्च मारलात आणि मला बघायला लावलंत. चाकामागचं, जॉइंटवर चढवलेलं काळं रबरी बूट घडीवर फाटलेलं, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे. इथं मला एक कबूल करायचंय, त्या दिवशी जीभ रेटली नाही. मागच्या सर्व्हिसिंगला एका पोराने मला सांगितलं होतं, "मॅडम, बूट फाटलंय." मी म्हटलं, रबरच तर आहे. तेव्हा पाच-सातशेत भागलं असतं. चाक फिरताना फटीतून ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच फटीने धूळ-पाणी आत जातं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, आणि सीझनला उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं चालणारी गाडी. आणखी काय होणार?

जॉइंट अंबाजोगाईहून एसटीच्या कंडक्टरकडे देऊन मागवलात. तोवर तुम्ही चाक काढून एक्सलचा नट सोडवला, बॉल जॉइंट मोकळा केला आणि जुना जॉइंट हातोडीने ठोकून शाफ्टवरून उतरवला. डिझेलने धुऊन पेपरवर मांडलात. सहा छर्रे, एक जाळी, आणि छर्रे ज्या खाचांतून धावतात ती वाटी. "नख फिरवा." फिरवलं. नख खड्ड्यात अडकलं. छर्रा त्याच खड्ड्यात पडतो आणि उसळून वर येतो, तोच तो कट्‌. मी विचारलं, नवं ग्रीस आणि नवं बूट घालून चालणार नाही का? "पंधरा दिवस गप्प बसंल. खड्डा ग्रीसनं भरत नसतो."

घरी येऊन मी याबद्दल वाचलं. हा सहा छर्ऱ्यांचा जॉइंट १९२० च्या दशकात आल्फ्रेड ऱ्झेपा नावाच्या इंजिनिअरने काढला. चाक कितीही वळलेलं असो, इंजिनाची फिरकी त्याच वेगाने चाकापर्यंत पोचवायची, हे त्याचं काम. १९५९ च्या मिनी गाडीत तो पुढच्या चाकांना आला, आणि आज पुढची चाकं ओढणाऱ्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत याच घराण्यातला जॉइंट असतो. लिंबाखाली पेपरवर मी हेच पाहिलं होतं, फक्त ऱ्झेपाचं नाव तेवढं कुणी घेतलं नव्हतं.

तुम्ही दोन्ही जॉइंटांसकट पूर्ण एक्सल माझ्या गळ्यात मारू शकला असता. मला काय कळणार होतं? आतला जॉइंट हलवून दाखवलात, "हा चांगलाय, कशाला बदलायचा?" जुना नट मात्र पोराने उचलला तर त्याच्या हातातून काढून फेकलात आणि नव्या नटाची कड खाचेत ठोकून बसवलीत. जॉइंट, बूट, ग्रीस आणि नट २,२००, मजुरी ९००. आईने डब्यातले धपाटे पुढे केले तेव्हा कुठे तुम्ही पहिल्यांदा हात पुसलेत. पुढे मांजरसुंब्याचा घाट आहे, जुना जॉइंट आज तुटलाच असता असं नाही, पण तुटला असता तर गाडी जागेवरून हलली नसती, हे पैसे घेऊन झाल्यावर सांगितलंत. आधी सांगून घाबरवलं नाहीत. ते माझ्या फार लक्षात राहिलंय.

साखरपुड्याला आम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलो. नवऱ्याकडची मंडळी अजून यायचीच होती.

डाव्या बुटाला बारीक चीर पडतेय, पावसाळ्याआधी दाखवा म्हणाला होतात. मे महिन्यात येते. आणि तुमचा १७ चा पाना आमच्या डिकीत निघालाय, तोही घेऊन येते.

तुमची,
लातूरची ताई