खाडीकाठच्या नौदल छात्रसैनिकांसाठी सहकार्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

ठाणे पूर्वेकडील चेंदणी कोळीवाडा, मीठबंदर आणि कोपरी येथील आम्ही रहिवासी मिळून परिसरातील शाळांमधल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील मुलामुलींच्या सरावाला हातभार लावत आहोत. हे आवाहन त्याच कामासाठी आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचा इतिहास या खाडीकाठी सर्वांना पाठ असल्याने तो येथे पुन्हा सांगत नाही.

युद्धनौका आणि एखादे गाव यांचे नाते जोडण्याची प्रथा जुनी आहे. ब्रिटनमधील गावांनी १९४१-४२ मध्ये बचतीच्या मोहिमा राबवून एकेक युद्धनौका दत्तक घेतली होती. आपल्याकडे माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस मुंबई’ ही विनाशिका २२ जानेवारी २००१ रोजी नौदलात दाखल झाली आणि २००६ मध्ये लेबनॉनमधून व २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना सुखरूप परत आणण्याच्या मोहिमांत तिने भाग घेतला. डिसेंबर २०२३ पासून मात्र ती विशाखापट्टणमच्या ताफ्यात आहे. म्हणजे आमच्या मुलांना जी सर्वांत जवळची वाटावी, तीच नौका आता पलीकडच्या किनाऱ्याला गेली. तरीही नौदल दिनाच्या सुमारास मुंबईच्या गोदीत विद्यार्थ्यांना युद्धनौका पाहण्याची संधी मिळते, आणि नौकेवरून परतलेली मुले पुढचे कित्येक दिवस दुसरा विषय काढत नाहीत. या उत्साहाला वर्षभर काम पुरवणे हीच आमची खरी अडचण आहे.

नौदल शाखेच्या प्रशिक्षणात सेमाफोर (दोन्ही हातांतील झेंड्यांच्या खुणांनी संदेश देणे), दोरखंडाच्या गाठी, जहाजांच्या प्रतिकृती, वल्हवणे आणि शिडाची होडी चालवणे यांचा समावेश असतो. गाठी आणि सेमाफोर शाळेच्या पटांगणावर शिकवता येतात. (‘शीट बेंड’ म्हणून पुस्तकात दाखवलेली गाठ जाळे विणणाऱ्या आमच्या कोळी भगिनींच्या हातात आधीपासूनच होती, हे पाहून मुलांना मोठी गंमत वाटली.) वल्हवण्यासाठी मात्र पाणी लागते, आणि खाडीचे पाणी शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. त्यामुळे एका रविवारी सकाळी नऊला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी ओहोटी लागून नुसता गाळ उघडा पडलेला असतो. परिणामी होडीचा सराव एका आड एका रविवारीच होतो, आणि पावसाळ्यात तोही बंद ठेवावा लागतो.

उरलेल्या रविवारी मुलांना पोहायला शिकवावे, असे आम्ही ठरवले आहे. खाडीच्या काठावर वाढलेल्या मुलांपैकी अनेकांना पोहता येत नाही, याचे बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटेल. पण आजचा गाळ आणि सांडपाणी पाहता कोणते आईवडील मुलाला खाडीत उतरू देतील? पोहता येत नसलेल्या मुलाला होडीत न बसवण्याचा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे आणि त्यात सवलत देणार नाही.

यासाठी जलतरण तलावाचे शुल्क, मुलांच्या मापाची ३० लाइफ जॅकेट आणि गोदीच्या भेटीसाठी बसभाडे एवढा खर्च आहे. कोळीवाड्यातील नाखवा मंडळी होडी विनामूल्य देतात, त्यामुळे तो भार नाही. लाइफ जॅकेट नवीनच हवीत. वापरलेली, शिवण उसवलेली जॅकेट कृपया देऊ नयेत. ही वर्गणी नौदलाच्या किंवा छात्रसेनेच्या वतीने मागितलेली नाही, ती केवळ आमच्या समितीची आहे, हे स्पष्ट असावे.

ठाण्यात स्थायिक झालेल्या निवृत्त नौसैनिकांना आमची वेगळी विनंती आहे. आपण महिन्यातून एक सकाळ दिलीत, तर तिचे मोल आम्हाला कोणत्याही देणगीपेक्षा अधिक वाटेल, कारण वल्हे हातात कसे धरावे हे नाखवा शिकवू शकतात, पण नौकेवरील शिस्त आणि पहाऱ्याची पद्धत त्या जीवनातून गेलेल्या माणसानेच सांगावी लागते.

देणगी धनादेशाने किंवा यूपीआयने समितीच्या खात्यातच जमा करावी आणि पावती अवश्य घ्यावी. रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. समितीचे सदस्य दर रविवारी सकाळी मीठबंदरावर भेटतील आणि जमाखर्च तेथेच पाहता येईल. येण्यापूर्वी भरतीची वेळ पाहिलीत, तर मुलांना वल्हवतानाही पाहता येईल.

आपले नम्र,
समितीचे सर्व सदस्य, ठाणे पूर्व