पुनर्विकासात खिडकीचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील गृहसजावटीवरचे लेख मी नियमित वाचते. घराने मनाला स्वस्थता द्यावी, ही त्यांतील अपेक्षा रास्तच आहे. परंतु भिंतींचे फिकट रंग, फॉल्स सीलिंगमधील छुपे दिवे आणि कोपऱ्यातील कुंड्या यांवर जितके लिहिले जाते, त्या मानाने उजेड, वारा आणि आवाज यांचा विचार फारच कमी होतो. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे या भागांत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू असताना ही उणीव अधिक खटकते, कारण घरात निवांतपणा लाभणार की नाही, हे बरेचसे नकाशावरच ठरून गेलेले असते.

सोसायटीच्या सभांमध्ये वाढीव कार्पेट (घरातले प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्रफळ) किती, कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा निधी) किती, बांधकाम चालू असताना तो देणार ते भाडे किती महिन्यांचे, यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. दिशेची चौकशीही होते, पण ती मुख्य दरवाजाच्या. झोपण्याच्या खोलीची खिडकी कुठे उघडते, तिच्यासमोर काय येणार आहे, वारा आरपार जाईल का, हे विचारणारा सभासद विरळाच. त्यामुळे जुन्या तीन मजली इमारतीत दोन बाजूंनी मोकळ्या असलेल्या घरातून उठून माणसे अशा घरात राहायला जातात, जिथे एका खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीपुढे आणि दुसरीची डक्टमध्ये, म्हणजे नळांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडते. क्षेत्रफळ वाढलेले असते, पण भरदुपारी दिवा लावावा लागतो. ज्यांचा सगळा दिवस घरातच जातो, त्या वृद्धांना याचा त्रास सर्वांत जास्त होतो, आणि नेमकी त्यांनाच बहुधा आतली खोली दिली जाते.

खिडकीतून काय दिसते, याला महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारेल. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान आणि रुग्णालयातला आहे, हे मान्य. तरीही समोरचे कडुलिंबाचे झाड तोडून भिंत उभी करताना रहिवाशांनी तो लक्षात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पुण्यातल्या उन्हाळ्यात दिवस तापतो, पण रात्री हवा बऱ्यापैकी उतरते. या गारव्याचा लाभ व्हायचा, तर वारा आत येण्यास एक आणि बाहेर पडण्यास दुसरी वाट लागते. एकाच खिडकीच्या खोलीत पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. असे असूनही ताबा मिळताच पहिले काम निघते ते बाल्कनी आत घेण्याचे. हॉल चार फुटांनी वाढतो खरा, पण बाल्कनीची सावली जाते आणि पश्चिमेचे ऊन थेट काचेवर येते. काचेतून आत आलेली उष्णता आतल्या जाड पडद्याने फारशी अडत नाही; ती बाहेरच्या बाजूलाच, छज्जाने किंवा बांबूच्या पडद्याने अडवावी लागते. वाड्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, त्यांतली माजघरे अंधारीच असत; मात्र चौकातून उजेड आणि वारा आत घेण्याची त्यांची रीत आजच्या वास्तुविशारदांनी पुन्हा अभ्यासावी, इतकी मोलाची आहे.

दिव्यांबाबतही हेच. खोक्यावर ६५०० केल्विन छापलेला पांढराशुभ्र दिवा कामाच्या टेबलावर ठीक आहे, पण रात्री झोपण्याच्या खोलीत तो नको. त्यातील निळसर प्रकाशामुळे झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक दबते. २७०० केल्विनचा पिवळसर, मंद दिवा तिथे अधिक योग्य. आवाजाचे म्हणाल, तर व्हिट्रिफाइड फरशी, काच आणि उघड्या भिंती यांमुळे साधे बोलणेही घुमते. सुती पडदे, सतरंजी, पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्यानेही खोलीतला कलकलाट उणावतो. रस्त्यावरच्या आवाजासाठी मात्र खिडकीच्या फटीच बुजवाव्या लागतात. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. ती पाळली जाते का, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.

एक गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने सांगणे भाग आहे. फर्निचरच्या एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांतील डिंकातून फॉर्माल्डिहाइड हा वायू बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला कर्ककारक ठरवले आहे. दसऱ्याचा मुहूर्त गाठण्यासाठी ओल्या रंगाच्या, नव्या कपाटांच्या वासातच लहान मुलांना घेऊन राहायला जाणे योग्य नव्हे. काम संपल्यावर काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि बोर्ड निवडतानाच कमी उत्सर्जनाचा मागावा. चारदोन कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होत नाही. त्या डोळ्यांना सुख देतात म्हणून अवश्य ठेवाव्यात.

आपणांस विनंती अशी, की सजवलेल्या घरांची छायाचित्रे छापताना सोबत दिशा आणि खिडक्या दाखवणारा नकाशाही द्यावा. तसेच पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या सोसायट्यांसाठी नकाशा कसा वाचावा, विकसकाला कोणते प्रश्न विचारावेत, यावर अनुभवी वास्तुविशारदांकडून लेखमाला लिहून घ्यावी. बांधकाम नकाशा मंजूर झाल्यानंतर खिडकीची जागा बदलणे फार कठीण जाते, म्हणून हे लेख करारावर सह्या होण्यापूर्वी सभासदांच्या हाती पडायला हवेत.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे