सुहासला पत्र : अजून बरंच ऐकायचं राहिलंय

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि निदान पावसाळा संपेपर्यंत जिन्याच्या वाटेला जाऊ नका म्हणावं.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की जेनेसिस, येस, पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्सन हे सगळे बँड पाठ झाले, आता प्रोगमध्ये, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, आपल्याला नवीन काही मिळायचं नाही, जुन्याच रेकॉर्डी लावत बसायचं. हे मला अजिबात पटलेलं नाही. गेली काही वर्षं मी जे ऐकतोय, त्यातलं बहुतेक सगळं त्याच काळातलं आहे, १९७० ते १९७७च्या आसपासचं, आणि ते आपल्या कानावर कधी पडलंच नव्हतं. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

होस्टेलवर आपल्यापर्यंत काय पोचत होतं ते आठव. कुणाचा तरी मामा लंडनहून यायचा, त्याच्या बॅगेत दोन-चार एलपी असायच्या, त्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवल्या जायच्या. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. त्या कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी. मुंबईला गेलो की रिदम हाऊसची चक्कर, तिथेही खपणारी नावं पुढे मांडलेली. म्हणजे आपण निवड केली असं म्हणतो खरं, पण निवड आधीच झालेली होती. कुणाची रेकॉर्ड अमेरिकेत निघाली, कुणाची निघाली नाही, कुठल्या कंपनीने जाहिरातीला पैसे ओतले, कोण इंग्रजीत गायलं आणि कोण इटालियनमध्ये, यावर ते ठरलं होतं. मागे पडलेले सगळे कमअस्सल म्हणून मागे पडले, हे मी आता मानत नाही.

सुरुवात जेंटल जायंट या बँडपासून करतो, कारण सध्या मी त्यांच्यात बुडालोय.

पोर्ट्समथचे तीन शुलमन बंधू, फिल, डेरेक आणि रे. वडील जॅझ वाजवणारे, घरात वाद्यं. साठच्या दशकात त्यांचा सायमन डुप्री अँड द बिग साउंड नावाचा बँड होता आणि १९६७मध्ये त्यांचं 'काइट्स' हे गाणं इंग्लंडात चांगलं गाजलं होतं. पण ते गाणं त्यांचं त्यांनाच आवडत नव्हतं. चालता बँड मोडून त्यांनी १९७०मध्ये जेंटल जायंट उभा केला. सोबत घेतला केरी मिनीअर, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये कंपोझिशन शिकून आलेला, आणि गिटारला गॅरी ग्रीन, जो ब्लूजमध्ये मुरलेला. १९७१च्या दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर त्यांनी छापूनच टाकलं की आम्हाला लोकप्रिय संगीताच्या सीमा रुंदवायच्या आहेत, मग आम्ही लोकांना अगदी नावडते झालो तरी चालेल. बहुतेक सगळी विशी-पंचविशीतली पोरं हे लिहितात आणि पुढची काही वर्षं त्या शब्दाला जागतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

१९७५च्या 'फ्री हँड' अल्बमवर 'ऑन रिफ्लेक्शन' म्हणून एक गाणं आहे. सुरुवातीला वाद्य एकही नाही. एक आवाज एक चाल घेऊन निघतो. तो पुढे सरकतो न सरकतो तोच दुसरा आवाज तीच चाल उचलतो, मग तिसरा, मग चौथा. चौघेही आपापल्या वाटेने चाललेले, कुणीच कुणाची साथ करत नाही, प्रत्येकाचं गाणं मुख्य. रचना बाखच्या फ्यूगची आणि गाणारे रॉक बँडवाले. मग मध्येच सगळं शांत होतं आणि मिनीअर एकटा, अगदी हळू आवाजात एक कडवं म्हणतो. त्यानंतर मघाची गुंतागुंत परत येते ती वाद्यांवर. हेडफोन लावून एकदा फक्त खालच्या आवाजावर लक्ष ठेव, पुढच्या वेळी फक्त वरच्यावर. दर खेपेला गाणं वेगळं ऐकू येतं.

तू तबला शिकलायस, त्यामुळे 'कॉग्ज इन कॉग्ज' तुला माझ्यापेक्षा जास्त उलगडेल. हे १९७४च्या 'द पॉवर अँड द ग्लोरी'वरचं. सत्तेत माणूस कसा सडत जातो यावरचा अल्बम आहे हा. या गाण्याच्या मधल्या भागात आवाज वेगवेगळ्या मात्रांच्या आवर्तनांत फिरत राहतात. फ्लॉइडचं 'मनी' सातात आहे हे तू पहिल्यांदा बोटांवर मोजून दाखवलं होतंस, तेव्हा आम्ही सगळे थक्क झालो होतो. इथे एका हाताने भागणार नाही.

'इन अ ग्लास हाऊस' हा १९७३चा. थोरला फिल बँड सोडून गेला होता, उरलेले पुढे चालू ठेवायचं की नाही या विचारात होते, आणि त्या अवस्थेत त्यांनी हा अल्बम केला. अमेरिकेतल्या कंपनीने तो काढायलाच नकार दिला. अल्बम सुरू होतो काच फुटण्याच्या आवाजाने. खळ्ळकन फुटते, परत फुटते, मग ते फुटणं एका ठरावीक अंतराने यायला लागतं आणि बघता बघता त्याचा ठेका होतो, त्या ठेक्यावर बँड आत शिरतो. सॅम्पलर वगैरे काही नसतानाची ही गोष्ट, सगळा खेळ टेपचा. मला तर ती सुरुवात 'मनी'मधल्या नाण्यांच्या खणखणाटाच्या तोडीची वाटते, आणि दोन्ही एकाच वर्षातल्या. एक जगभर पोचली आणि दुसरी ऐकायला मला साठी यावी लागली.

१९८०मध्ये त्यांनी बँड बंद केला. डेरेक पुढे रेकॉर्ड कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला आणि बॉन जोव्हीला करारबद्ध करणारा तोच. म्हणजे काय खपतं याची जाण त्या माणसाला पुरेपूर होती. तरी ऐन उमेदीत त्याने 'ऑन रिफ्लेक्शन'सारखी गाणी गायली. पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सनने अलीकडे त्यांचे बरेच अल्बम मूळ मल्टिट्रॅक टेपांवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी ठेवलेल्या टेपांवरून, नव्याने मिक्स केलेत. पहिल्या तीन अल्बमच्या सगळ्या टेपा मिळाल्या नाहीत, म्हणून ज्या गाण्यांच्या मिळाल्या तेवढ्याच गाण्यांचा 'थ्री पीस सूट' हा संच २०१७मध्ये निघाला. विल्सनचीच मिक्स ऐक. त्यांत एकेक वाद्य सुटं सुटं ऐकू येतं.

आता व्हॅन डर ग्राफ जनरेटर. हे नाव आपण ऐकलेलं होतं, जेनेसिसच्याच करिझ्मा कंपनीतले म्हणून. ऐकायला मात्र काही मिळालं नव्हतं. १९६७मध्ये मँचेस्टरच्या विद्यापीठात हा बँड सुरू झाला. ऑर्गन ह्यू बँटनचा, ड्रम्स गाय इव्हान्सचे, आणि डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवणारा. लीड गिटार जवळपास नाहीच. बेस गिटारवाला सोडून गेला तर बँटनने बेस पायाखालच्या पेडलवर वाजवायला घेतला. आणि या सगळ्यावर पीटर हॅमिलचा आवाज. एकाच ओळीत कुजबुज आणि आरडाओरडा, मध्ये पायरी नाही.

त्यांचा 'पॉन हार्ट्स' १९७१चा, तीनच रचनांचा. शेवटची 'अ प्लेग ऑफ लाइटहाऊस कीपर्स' तेवीस मिनिटांची. दीपगृहावर एकटा राहिलेला माणूस, ज्याने जहाजं फुटताना पाहिली आणि ज्याच्या हातून कुणी वाचलं नाही. विशीत हे माझ्या हाती लागलं असतं तर त्यातलं नुसतं वादळ मला आवडलं असतं, जॅक्सनचा सॅक्सोफोन, ऑर्गनचा गडगडाट. आता त्यातले शांत तुकडे जास्त धरून ठेवतात, जिथे तो माणूस स्वतःशीच हिशेब करत बसतो. बाबांच्या शेवटच्या वर्षात मी रात्री त्यांच्या उशाशी बसायचो. आपल्याला काही करता येत नाही हे माहीत असताना जागं राहणं म्हणजे काय, ते हॅमिलला तेविसाव्या वर्षी कसं कळलं होतं, कोण जाणे.

गंमत अशी की इंग्लंडात या अल्बमला फारसं कुणी विचारलं नाही आणि इटलीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. मला वाटतं, ऑपेरावर पोसलेल्या लोकांना हॅमिलचं टिपेला जाणं जास्तीचं वाटलं नसावं. जेनेसिसलाही मायदेशाआधी इटलीनेच उचलून धरलं होतं. आणि पंक रॉकने १९७७मध्ये हे सगळं संगीत निकालात काढलं, ही जी कथा आपण कायम ऐकत आलो, तिच्यावरही माझा आता विश्वास नाही. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा जॉनी रॉटन लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्डी लावायला बसला, त्यात त्याने हॅमिलची दोन गाणी लावली.

इटलीचा विषय निघालाच आहे तर बांको देल मुतुओ सोक्कोर्सो हा बँड. नाव मोठं आहे, सगळे बांकोच म्हणतात. रोमचे. विट्टोरिओ आणि जानी हे नोचेन्झी बंधू दोघेही कीबोर्डवर, आणि गायला फ्रान्चेस्को दी जाकोमो, दाढीवाला, अंगाने आडवातिडवा, आवाज मात्र इतका कोवळा आणि मोकळा की माणसाचा फोटो पाहिला की विश्वास बसत नाही. पहिला अल्बम १९७२चा, त्याचं वेष्टनच मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेलं. त्याच वर्षी त्यांनी 'डार्विन!' केला, पूर्ण अल्बम उत्क्रांतीवर.

त्यात एक गाणं आहे, नावाचा अर्थ 'साडेसात लाख वर्षांपूर्वी... प्रेम?' असा. अजून धड माणूस न झालेला एक जीव एका स्त्रीला पाहतो. तिला हाक मारायला त्याच्याकडे शब्द नाहीत, आणि तिच्या लेखी आपण बिनअकलेचं एक मोठं माकड आहोत हे त्याला कळतंय. पियानो सावकाश चालत राहतो आणि दी जाकोमो ते असं गातो की एक अक्षर न कळता गळा दाटून येतो. मी अर्थ नंतर शोधला. तो २०१४मध्ये मोटार अपघातात गेला. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं त्याच्या कितीतरी नंतर, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष ऐकायचं राहूनच गेलं, याची चुटपुट लागून राहिली आहे.

मिलानच्या प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीला लोक पीएफएम म्हणतात. त्यांना इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश बँडने आपल्या मँटिकोर लेबलवर घेतलं, पीट सिनफिल्डने इंग्रजी गाणी लिहून दिली आणि १९७३मध्ये 'फोटोज ऑफ घोस्ट्स' निघाला. चांगलाच आहे, पण तू १९७२चा 'पेर उन अमिको' इटालियनमध्येच ऐक. त्या चाली त्या भाषेच्या अंगाने बांधलेल्या आहेत.

इंग्लंडच्या कॅराव्हॅनचं 'नाइन फीट अंडरग्राउंड' रविवार सकाळसाठी, बावीस-तेवीस मिनिटं डेव्हिड सिंक्लेअरचा ऑर्गन नुसता रुंजी घालतो. फ्रान्सचा मॅग्मा मला अजून जमलेला नाही. ख्रिस्तियान व्हांडरने गाण्यांसाठी स्वतःची भाषाच तयार केली, त्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण घरी लावावंसं वाटत नाही. इटलीतले एकेक अल्बम काढून गायब झालेले कित्येक बँडही मी धुंडाळले. त्यातले बरेच विसरले गेले ते योग्यच झालं.

एक अपवाद आपल्या काळानंतरचा. स्वीडनचे एंग्लागोर्ड, अल्बम 'हिब्रिस', १९९२. जेव्हा कुणालाच मेलोट्रॉन हा टेपवर चालणारा जुना कीबोर्ड नको होता तेव्हा विशीच्या आगेमागेच्या या पोरांनी तो धुंडाळून आणला. तुला आठवतं ना मेलोट्रॉनचं तंत्र, प्रत्येक पट्टीखाली एक टेपची फीत, पट्टी दाबून धरली की जेमतेम आठ सेकंद वाजते आणि संपते. त्यामुळे लांब सूर धरायचा तर बोटं सतत हलवत राहावं लागतं. त्या मर्यादेमुळे जो एक थरथरता, कधीही तुटेल असा आवाज येतो, तो 'हिब्रिस'मध्ये बासरीच्या मागे उभा असतो. चारच रचना आहेत. चौथी, 'कुंग बोरे', थंडीच्या राजाची.

माझ्या उजव्या कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात, असं मागच्या तपासणीत निघालं. झांजांचा कणकणाट थोडा बोथट झालाय. त्यामुळे आता ऐकायचं ते नीट बसून, दिवे-फोन बंद करून, एका वेळी एकच अल्बम. तूही पार्श्वसंगीत म्हणून यातलं काही लावू नकोस, फुकट जाईल.

असं कर, आधी 'फ्री हँड'. आवडला नाही तर ओढूनताणून परत लावू नकोस, थेट 'पेर उन अमिको'कडे वळ. 'पॉन हार्ट्स' मात्र इथे ये तेव्हाच ऐकू, दिवाळीनंतर, वहिनींना प्रवास झेपायला लागला की. ही आणि वहिनी मंडईत जातील, आपण घर अडवू. तोवर मी स्पीकरची ती जुनी वायर बदलून घेतो.

मुलांना आशीर्वाद. ऐकून काय वाटलं ते फोनवर सांगू नकोस, सविस्तर लिही.

तुझा,
मोहन

ता. क. 'डार्विन!'मधल्या गाण्यांचा अर्थ मी एका कागदावर मराठीत उतरवून सोबत ठेवलाय. पहिल्यांदा ऐकताना तो कागद उघडू नकोस.